आईची सफारीची पिशवी

मुलगी सफारीची बॅग भरतेय. दुर्बीण, टोपी, स्वेटर. कपाटातून माझ्या आईची कापडी पिशवी निघाली आणि खोलीभर सुकल्या मोहफुलांचा वास सुटला.

आमच्या सफारीला आईने हीच पिशवी घेतली होती. "जंगलात जायचं नि रिकाम्या हातानं यायचं?" तिचा सगळा जन्म सूर्यमाळच्या रानात मोह वेचण्यात गेलेला.

सकाळी जिप्सी मोहाच्या झाडांखालून निघाली. वाटेवर फुलांचा सडा.

"जरा उतरू दे ना, दादा."

"खाली पाय ठेवायचा नाही, मावशी," गाइड म्हणाला.

एवढं जंगल समोर, आणि आई दांडा धरून कोंडल्यासारखी बसली. चाकं फुलांवरून गेली तेव्हा तिने दोन्ही पाय वर उचलून घेतले. मला वाटलं, मुंग्या आल्या असतील.

मोहावर पाय देऊ नये, हे मला तिनेच शिकवलं होतं.