पाल्याच्या लेपात काय होते

“सांगलीच्या दवाखान्यानं तात्यांचा जीव घेतला. नानांचा पाला चालू ठेवला असता, तर तात्या आज पारावर बसलं असतं.” — माझा पुतण्या संभाजी कडेगावात भेटेल त्याला हे सांगतो. हे साफ खोटे आहे. ते खोटे का, हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — तात्यांच्या चितेपुढेही नाही.

तात्या म्हणजे माझे थोरले बंधू, संभाजीचे वडील. पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले, मधुमेही. आणि मी नाना, निवृत्त मुख्याध्यापक — ज्याच्या कंबरमोडीच्या लेपाने जखमा भरतात म्हणून दूरदूरची माणसे येत. बांधावर उगवणारे साधे रोपटे. खुरपे लागले की त्याचा रस जखमेवर पिळावा, हे आमच्याकडे कोणाला ठाऊक नाही? मग माझ्याच दारात का यावे? — नानांच्या हाताला गुण आहे, असे ती म्हणत. ते नाकारावेसे मला कधी वाटले नाही.

संभाजी एकटाच चुकतो असे नव्हे. शहरातले शहाणे म्हणतात, पाल्यानेच तात्यांच्या पायाची जखम चिघळली. तेही खोटे. साताऱ्याच्या एका प्राध्यापक बाई औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर वनस्पतींचे अर्क तपासत होत्या. त्यांनी माझा लेप नेला. काचेच्या बशीत लेपाभोवतीचे जंतू मरून स्वच्छ वर्तुळ पडले. मग बांधावरचा नुसता पाला नेला — तर वर्तुळ फिकट, जेमतेम. “ऋतुमानाने फरक पडत असेल, नाना,” त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. ऋतूचा काय संबंध? पाल्यात स्वतःचे थोडेफार बळ होते; ते किती, हे प्रामाणिकपणे शोधणाऱ्या बाईंनाही मी फसवले.

कारण माझ्या लेपात — लिहायला हात धजत नाही — जंतू मारणाऱ्या गोळ्यांची पूड असे. गोळ्या कराडहून आणायच्या. पाट्यावर पाल्याबरोबर वाटल्या की हिरव्यात पांढरे दिसत नाही. पहिल्यांदा का घातली? एकाची जखम भरेना, तेव्हा तो हसत म्हणाला होता, “नाना, गुण गेला म्हनायचा की तुमचा!” — एवढ्यासाठी.

खोडव्याच्या रानात तोडलेल्या उसाचा टोकदार बुडखा तात्यांच्या टाचेत घुसला. जखम भरे, पुन्हा फुटे. मी पूड घालत राहिलो — कधी चिमूटभर, कधी मूठभर, कधी गोळ्या संपल्या म्हणून मुळीच नाही. अशा अर्धवट माऱ्यातून वाचलेले जंतू त्या औषधाला सरावतात, हे बाईंनी मला आधीच समजावले होते. मी ऐकले होते — आणि तरी? वहिनींनी विचारले, “आवं भावजी, पाय काळा का पडाया लागलाय?” मी त्यांनाच दटावले.

अखेर तात्यांना सांगलीला नेले. तिथे शिरेतून दिले गेले ते नेमके तेच औषध. जंतूंनी त्याला जुमानले नाही. तपासणीचा निकाल येऊन औषध बदलेपर्यंत विष रक्तात पसरले होते.

मग आज का बोलतो? संभाजीलाही साखर आहे, आणि त्याच्या अंगठ्याची जखम आता वास मारते आहे. माझ्या ओट्यावर पाय पसरून तो म्हणतो, “लावा तुमचा पाला. सांगलीला न्हाई जायाचा म्या. तात्यांचं काय झालं, बघितलंय की.” मी त्याला हात जोडतो. तो हसतो — “नाना, म्हातारं झालाय तुमी. भ्यायला लागलाय.” आता? मी भ्यालो तो तेव्हा. हे त्याला मी आजच वाचून दाखवणार आहे. मग त्याने मला हव्या त्या शब्दांत शिव्या घालाव्यात.

दवाखान्याने तात्यांना मारले नाही. दाखल करून घेताना डॉक्टरांनी मला स्पष्ट विचारले होते — जखमेवर याआधी कोणते औषध चालू होते? वहिनी शेजारीच उभ्या होत्या. मी म्हणालो, “फक्त पाला.”