बाबा प्यायचे

मॉरिशसमध्ये लालमतीच्या बाजूला आमचं गाव. तिथे माणूस झुलत चालला की त्याला एकच शब्द होता, सू. क्रेओलमध्ये सू म्हणजे प्यालेला. माझ्या बाबांना तो शब्द सत्तरच्या दशकात चिकटला, आणि तो पक्का करण्यात माझाही हात होता.

बाबा ऊसतोडणीला जायचे. चाळिशीत त्यांचे पाय फाकून पडायला लागले. कप उचलला की निम्मा चहा सदऱ्यावर. शब्द ओढत ओढत यायचे. मळ्यावरच्या मुकादमाने त्यांना दोनदा घरी पाठवलं, शुद्धीवर आलास की ये म्हणून. आजोबाही म्हणे असेच झुलायचे, बैलगाडीवरून पडायचे. खाण तशी माती, असं गावाने ठरवून टाकलं. मी सतरा वर्षांचा होतो, बसने कार्तिए मिलितेरला शिकायला जात होतो आणि जगात माझ्याइतकं शहाणं कुणी नव्हतं.

गणेश चतुर्थीला आमच्यात व्रत असतं. विसर्जनाला मूर्ती घरच्या कर्त्या पुरुषाने उचलायची, आणि त्या दिवसांत त्याने मांसाला, दारूला शिवलेलं नसावं. त्या वर्षी बाबा मूर्ती उचलायला वाकले आणि तोल जाऊन भिंतीवर आदळले. अंगणात सगळे सोयरे उभे. मी त्यांच्यादेखत म्हणालो, "बाबा, तू मूर्तीला हात नको लावू. तू प्यालायस."

"मी नाय प्यालो रे," बाबा म्हणाले. "मो पान ब्वार नान्ये. देवाशप्पथ, थेंब पण नाय."

देवासमोर खोटी शपथ घेतात म्हणून मी आणखीच भडकलो. मूर्ती मीच उचलली. बाबा दारात बसून राहिले. आई शेजारीच होती, पण एक शब्द बोलली नाही. तिचं गप्प राहणं मी होकार धरलं.

पुढच्याच वर्षी माझ्या मोठ्या बहिणीला सें पिएरचं स्थळ आलं. बाप पितो, पण पोरगी कामाला चांगली आहे, असं म्हणून तिकडच्यांनी पसंत केली. पिणारा बाप कुणाच्या घरी नव्हता? तिचं लग्न झालं. पुढे चार-पाच वर्षांत बाबा अंथरुणाला खिळले. शेवटी त्यांना पाणीही गिळता येत नव्हतं. ते वारले तेव्हा दारूने खाल्ला असंच लोक म्हणाले, आणि मीही तेच म्हणालो.

ऐंशीच्या दशकात बहिणीच्या हातून भांडी पडायला लागली. तिला अजून तिशीही लागली नव्हती, पदरात एक मुलगी होती. मी तिला इस्पितळात नेलं. डॉक्टरने तिला टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. दोन पावलांत ती कलंडली. बोट नाकाला लावायला सांगितलं, ते गालावर गेलं. मग त्याने विचारलं, घराण्यात कुणाला असं होतं का? बहीण माझ्या तोंडाकडे बघू लागली. मी ताडकन म्हणालो, "नाही. बाबा प्यायचे, तेवढंच." डॉक्टरने ते लिहून घेतलं आणि अशक्तपणाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या चालू असतानाच तिला पुन्हा दिवस गेले, आणि दुसरं मूल झालं.

मग दुसऱ्या, वयस्कर डॉक्टरकडे गेलो. या वेळी आई सोबत होती. प्रश्न तोच. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "त्यांनी कधीच घेतली नाय. त्यांच्या बापसानं पण नाय."

डॉक्टरने कागदावर पुरुषांसाठी चौकोन आणि बायकांसाठी गोल काढले. ज्यांना हे होतं त्यांचे रंगवून काळे केले: आजोबा, बाबा, बहीण. माझा चौकोन त्याने रिकामा ठेवला. त्याने शांतपणे समजावलं की हा घराण्यातून उतरणारा रोग आहे, यात मेंदूचा तोल सांभाळणारा भाग झिजत जातो. आईबापांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. काही घराण्यांत पिढीगणिक तो लवकर गाठतो. आधी कळेल अशी तपासणी नाही, औषधही नाही.

बाहेर बाकावर बहीण बाळाला घट्ट धरून बसली. हात हलत होते म्हणून तिने कोपर मांडीला टेकवलं होतं. "मला तरी सांगायचं होतंस, आई," ती सावकाश म्हणाली. दुसरं मूल हवं की नको, हे तिने सगळं माहीत असताना ठरवायला हवं होतं. मी माझ्या एका वाक्याने ते तिच्या हातून काढून घेतलं. याचा पश्चात्ताप मला रोज होतो.

आई खाली बघत म्हणाली, "सासऱ्यांना बघितलं होतं मी. दारुड्याच्या पोरीला लोक करून घेतात. घराण्यात रोग म्हटल्यावर कोण घेणार? झाकली मूठ म्हणून गप बसलो. तुमच्या बाबांनीच ठरवलं."

"मग विसर्जनाच्या दिवशी बाबांनी मला शपथ घेऊन का सांगितलं?" मी विचारलं.

"राहवलं नाय त्यांना," आई म्हणाली. "गावानं मानावं, असं त्यांनाच पायजे होतं. तू पण मानलंस, ते लागलं."