चिमाजी असं करणारच नाही

इंदिरानगरात माझं वाचनालय आहे. वाचनालय म्हणायचं, पण घर चालतं ते कोपऱ्यातल्या झेरॉक्स मशीनवर. पुस्तकं न्यायला आता जेमतेम साठ-सत्तर माणसं येतात आणि त्यातली निम्मी नुसती बसायला येतात. सावळीराम पगारे बसणाऱ्यांतले. यायचे, खुर्ची पंख्याखाली ओढायचे आणि चिमाजीबद्दल बोलायला लागायचे. सात-आठ महिने मी ते ऐकलं. खरं सांगते, शेवटी शेवटी मला त्या चिमाजीचा वीट आला होता.

चिमाजी फिटर हे चित्रकथेतलं पात्र. दिंडोरीकडच्या एका शाळेत गोटीराम मास्तर म्हणून चित्रकलेचे शिक्षक होते. ते स्वतःच लिहायचे, स्वतःच चित्रं काढायचे आणि नाशिकच्या एका छापखान्यातून दर महिन्याला बत्तीस पानी अंक छापून घ्यायचे. नायक कोण, तर सायकलवर हत्यारांची पेटी बांधून गावोगाव हिंडणारा एक फिटर. कुणाची पाण्याची मोटार बंद, कुणाचं फवारणीचं यंत्र अडलेलं. हा जायचा, खोलायचा, दुरुस्त करायचा आणि जाता जाता गावातली एखादी चोरी नाहीतर लबाडी उघडकीला आणायचा. अंगात ताकद बेताचीच. कुणाला कधी मारलं नाही, आणि चोरामागे धावायची वेळ आली की धाप लागायची. शेवटच्या चौकटीत तो पेटीपुढे उकिडवा बसून हत्यारं मोजायचा. "नऊ पान्हे, चार स्क्रू ड्रायव्हर, दोन पकडी, एक हातोडी. चला." आम्ही मुली दोरीच्या उड्या मारताना ते म्हणायचो.

मास्तर गेले आणि अंक बंद पडला. वीस-बावीस वर्षांनी मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने मास्तरांच्या मुलांकडून हक्क घेतले आणि चिमाजी परत आला, रंगीत, गुळगुळीत कागदावर. पहिला अंक माझ्या दुकानात आला त्या दिवशी सावळीरामांनी पेढे आणले होते. मी म्हटलं, "काका, नातू झाला की काय?" ते नुसते हसले आणि अंक पिशवीत घालून घरी घेऊन गेले. माझ्यासमोर उघडलासुद्धा नाही.

हा नवा चिमाजी दाढीवाला. दंड टरटरून फुगलेले, डोळ्यांत अंगार, सायकल जाऊन भली मोठी मोटरसायकल आलेली. बायकोला कुणीतरी मारलंय आणि हा सूड घेत फिरतोय. पहिल्या अंकावर सावळीराम म्हणाले, "नवीन पोरं आहेत ताई, शिकतील." दुसरा त्यांनी दोनदा वाचला. तिसऱ्या अंकात चिमाजीने एका म्हाताऱ्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटला, तेव्हा ते माझ्या टेबलावर अंक ठेवून म्हणाले, "चिमाजी असं करणारच नाही."

पुढे येताजाता हेच वाक्य. चिमाजी शिव्या देणारच नाही. चिमाजी काम अर्धवट टाकून जाणारच नाही. मी एकदा वैतागून विचारलं, "काका, तो तुमचा सख्खा भाऊ आहे का?" त्यांच्या बायकोने, विमलाबाईंनी, तर माझ्याच दुकानात येऊन तक्रार केली. "भाजी खारट झाली तरी हा माणूस तोंडातून ब्र काढत नाही. आणि त्या कागदावरच्या बाप्यासाठी जेवता जेवता ताट सरकवतो. तुम्हीच द्यायचा बंद करा ना ताई तो अंक."

पाचव्या अंकाने मात्र कहर केला. चिमाजी खलनायकाच्या हेलिकॉप्टरमध्ये मुद्दाम एक पान्हा टाकून येतो. हेलिकॉप्टर उडतं, पेटतं, कोसळतं, आणि हा पाठ फिरवून ऐटीत चालत जातो. दुकानात येणाऱ्या पोरांना ते पान फार आवडलं, दोघांनी मोबाइलवर फोटो काढून घेतले. सावळीराम त्या दिवशी खुर्चीवर बसलेच नाहीत.

ते का, हे कळायला त्यांचं आयुष्य सांगायला हवं, आणि ते फार लांबलचक नाही. चौतीस वर्षं ते ओझरच्या विमान कारखान्यात हत्यारांच्या खोलीत होते. कामगार यायचा, आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा, हत्यार न्यायचा. त्या हत्याराच्या खिळ्यावर सावळीराम बिल्ला अडकवायचे. पाळी संपली की एकही बिल्ला भिंतीवर राहता कामा नये. राहिला, तर कुणीही घरी जायचं नाही, कारण हरवलेला पान्हा विमानात असू शकतो. एकदा दहा नंबरच्या पान्ह्यासाठी त्यांनी सगळ्यांना दोन तास थांबवून ठेवलं होतं. पान्हा निघाला एकाच्या डब्याच्या पिशवीत. लोकांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. "मी विमान बनवलं नाही ताई, उडवलं नाही. मी दिलं आणि परत घेतलं, बस," असं ते स्वतःच सांगायचे.

पाचव्या अंकानंतर चार दिवसांनी ते एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. आत पोस्टकार्ड. एकोणनव्वद सालचं, निळी शाई, खाली गोटीराम मास्तरांची सही. त्या वर्षी एका अंकात चिमाजी विहिरीवरची मोटार दुरुस्त करतो आणि पुढच्या चौकटीत एक पान्हा तिथेच गवतात राहिलेला दिसतो. मास्तर काढून विसरले असणार. सावळीरामांनी पत्र लिहून कळवलं, की असं करू नये, आमच्याकडे काम संपल्यावर हत्यारं मोजतात. मास्तरांचं उत्तर आलं होतं: "आपण म्हणता ते खरे. पुढील अंकापासून चिमाजी निघण्यापूर्वी हत्यारे मोजेल. चूक दाखविल्याबद्दल आभारी आहे."

मी कार्ड दोनदा वाचलं. आम्ही उड्या मारताना म्हणायचो ते या माणसामुळे होतं, आणि हा माणूस अकरा वर्षं माझ्या पंख्याखाली बसत होता.

"काका, हे कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? लोक म्हणाले असते, मोठा शहाणा लागून गेला. विमलालापण माहीत नाही." मग खाली बघत म्हणाले, "माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच आहे ताई. बाकी सगळी दुसऱ्यांची हत्यारं सांभाळली."

माझा वीट त्या दिवसापुरता तरी कुठल्या कुठे गेला. मी कार्ड स्कॅन केलं आणि त्यांनी सांगितलेलं पत्र टाइप करून कंपनीला पाठवलं. पत्र साधं होतं. हत्यारं मोजण्याची सवय माझ्या पत्रावरून आली, सोबत पुरावा, कृपया चिमाजीला पुन्हा मोजायला लावा, विमानात पान्हा टाकणे ही फार वाईट गोष्ट आहे.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ते वकिलाचं. इंग्रजीत दोन पानं. मी वाचून त्यांना मराठीत सांगितलं, की तुम्ही असं लिहून द्यायचं: चिमाजी या पात्राच्या घडणीत माझा कोणताही सहभाग नव्हता, नाही, सदर सवय माझ्या सूचनेवरून आलेली नाही, यावर माझा आज किंवा पुढे कोणताही हक्क नाही. खाली सहीसाठी रेघ.

"हक्क कुणी मागितला?" ते म्हणाले. "मी चूक दाखवली. मास्तरांना दाखवली तर मास्तर आभार मानतात, आणि हे वकील लावतात?"

दोन दिवसांनी त्यांना हर्षल नावाच्या मुलाचा फोन आला. नवा चिमाजी तोच लिहितो. माझ्याच दुकानात आला फोन, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. मी मनात त्याला चार शब्द सुनवायची तयारी केली होती, पण तो पोरगा आमच्याहून दमलेला निघाला.

"काका, दंड, दाढी, सूड, सगळं वरून येतं. मी नाही म्हटलं की दुसरा लिहितो. पण तुमचं कार्ड वाचून मला खरंच वाटलं, की ती मोजणी परत आणावी. मी साहेबांना तसं म्हणालो पण."

"मग आण ना बाबा."

"वकील म्हणतात, तुमचं पत्र फायलीत आहे तोवर मोजणीला हात लावायचा नाही. तुम्ही तो कागद सही करून पाठवला, की आठव्या अंकात घेतो. शब्द देतो काका."

सावळीरामांनी फोन खिशात ठेवला. मोजणी आपली म्हटली तर ती चिमाजीला परत मिळणार नाही, आणि ती मिळायला हवी तर आपली नाही म्हणून लिहून द्यायचं. असा पेच माझ्यावर आला असता तर मी कंपनीला चुलीत घातलं असतं. पण पेच त्यांच्यावर होता, मला फक्त तो रोज ऐकायचा होता.

आणि रोज ऐकला. विमलाबाईंना आता सगळं कळलं होतं. त्या ठाम होत्या. "तुमचं आहे ना? मग नाही कशापायी म्हणायचं? राहू द्या त्याला तसाच दाढीवाला." सावळीरामांना वेगळंच खात होतं. "दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो, ताई. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, असं म्हणतो. आणि सोमवारी खोट्यावर सही करू? तीही कुणासाठी, चित्रातल्या माणसासाठी?"

त्या आठवड्यात मशीन बिघडलं होतं, कॉलेजची पोरं रांगेत खोळंबली होती, आणि ते चौथ्या दिवशी तोच कागद घेऊन उभे होते. मी म्हटलं, "काका, करून टाका सही. एक कागद तो. कटकट मिटेल."

कुणाची कटकट, ते मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. माझ्याच टेबलावरचं पेन घेतलं, दोन्ही पानांवर सह्या केल्या. सही वळणदार होती, कारखान्याच्या वहीत रोज करायची सवय असलेली. मी कागद स्कॅन करून पाठवला. ते म्हणाले, "निदान चिमाजी मोजायला तरी लागेल."

पुढचे दीड-दोन महिने ते आनंदात होते, हे मला सांगायलाच हवं. सहावा, सातवा अंक त्यांनी न कुरकुरता नेला. सातव्यात चिमाजीने एका माणसाला गच्चीवरून उलटा टांगला होता, तरी म्हणाले, "असू द्या, आठव्यात येतंय."

आठवा अंक आला तो गठ्ठा मी त्यांच्यासमोरच सोडला. ते उभ्यानेच शेवटच्या पानावर गेले. हर्षलने शब्द पाळला होता. अख्खं पान दिलं होतं. चिमाजी विमानात बसलेला, खाली ढग, मागे मावळतीचा लाल रंग, मांडीवर उघडी पेटी, आणि मोठ्या अक्षरांत नऊ पान्हे, चार स्क्रू ड्रायव्हर, दोन पकडी, एक हातोडी. माझ्या तर अंगावर काटा आला. मी म्हटलं, "बघा! झालं ना मनासारखं?"

ते पान बघत राहिले. मग मागचं पान उलटून पाहिलं, त्याच्या मागचंही पाहिलं.

"उडाल्यावर मोजतोय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"इंजिन याने खोललं, दुरुस्त केलं, झाकण लावलं, विमान उडवलं. आणि आता वर आभाळात मोजतोय. एखादा कमी भरला तर काय करणार, ताई? मोजायचं ते झाकण लावायच्या आधी. म्हणून तर मोजायचं."

मला ते कधीच कळलं नसतं. हर्षललाही कळलं नव्हतं, त्याला ते पान छान दिसलं असणार. मी लगेच टाइप करायला बसले. "सांगा, काय लिहू? नाहीतर फोनच लावू हर्षलला. चांगला मुलगा आहे, ऐकेल तुमचं."

"काय म्हणून सांगू?"

"काय म्हणून म्हणजे? तुमचीच तर..."

"नाही ना," ते शांतपणे म्हणाले. "लिहून दिलंय आपण. माझा त्यात काही संबंध नाही."

मी 'आपण' ऐकलं. त्यांच्या आवाजात राग शोधला, इतके महिने ज्याला कंटाळले होते तो राग, आणि तो कुठेच नव्हता. आता बोला ना काका, चिमाजी असं करणारच नाही म्हणा, असं मला ओरडून म्हणावंसं वाटत होतं. मी तोंड उघडलं नाही. कुठल्या तोंडाने उघडणार?

त्यांनी अंक मिटला आणि गठ्ठ्यावर परत ठेवला, घेतला नाही. कपाटाकडे बघत म्हणाले, "दुसरं काही वाचण्यासारखं आहे का तुमच्याकडे?"