बापाच्या मापाचा कोट

तालमीतल्या गड्यांनो, आज दुपारी जे पाहिलं ते लिहून राहिलो. अकोल्यात सगळ्यांले वाचून दाखवा.

मी अमरावतीत ज्या शिंपी मास्तरांकडे कामाले आहे, तिथं एका वकिलाची चिठ्ठी आली होती. "पोरगा नागपूरले कॉलेजात, मापाले येऊ शकत नाही. मी त्याच्या वयाचा असतानाचं माझं माप तुमच्या वहीत आहे, तसाच कोट शिवा." अक्षरं मी अडखळत वाचतो, पण आकड्यात चुकत नाही. शिवला.

आज बापलेक आले. परवा पोराले बी.ए.ची पदवी मिळणार. कोट खांद्यातच अडकला. मनगटं चार बोटं उघडी.

"काहून रे, कापड चोरलं का?" वकीलसाहेब म्हणाले. मले वाटलं, नोकरी गेली.

मास्तरांनी टेप लावला. कोट वहीतल्या मापाचाच निघाला.

मास्तर म्हणाले, "साहेब, कोट बरोबर आहे. पोरगा तुमच्यापुढं गेला."

मग मास्तरांनी कॉलेजच्या पोरांच्या मापाच्या जुन्या वह्या काढल्या. मी पानं उलटत गेलो. छाती, बाही, उंची, सगळे आकडे वर्षांमागून वर्षं हळूहळू वर सरकलेले. मापं घेणाऱ्या मास्तरांलेही ते आजच दिसलं. वकीलसाहेब पोराशेजारी उभे राहिले अन् मान वर करून त्याच्याकडं पाहतच राहिले.

नवा कोट मलेच शिवायचा आहे.

तालमीच्या खांबावर माह्या उंचीची खूण आहे. माह्या धाकट्या भावाले तिथं उभा करा. तो वर गेला का, तेवढं कळवा.