शेवटच्या डब्यातली जागा

आमच्या समोर राहणाऱ्या गार्डसाहेबांचा मी जितका हेवा केला, तितका उभ्या लोणावळ्यात कुणाचा केला नाही. खरं तर हेवा करावा असं त्यांच्याकडे काही नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन खोल्या, एक स्टोव्ह, आणि मालगाडीच्या गार्डाच्या नोकरीतून बरोबर आणलेली शिट्टी आणि हिरवा-तांबडा कंदील. माझ्याकडे नवरा, दोन मुलं, वेळच्या वेळी दूध, आणि कोणी कधी काय करायचं याचा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेला तक्ता. तरी हेवा मीच करायची.

सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात, मागे बघत गेल्यामुळे गार्डसाहेबांना पुढे बघून काही जमतच नसे. टांग्यात पुढची जागा रिकामी असली तरी ते मागे तोंड करून बसत. बाजारातून जाताना मध्येच थांबून मागे वळत आणि मागून येणारा माणूस त्यांच्यावर आपटे. "वैनी, म्होरं काय हाय ते डायवर बघंल. मागं कोण ऱ्हायलं ते आपण बघायचं," असं ते मला समजावत. जेवण झालं की शिट्टी वाजवल्याशिवाय पाटावरून उठत नसत. आमच्या सत्यनारायणाला त्यांनी अशी काही शिट्टी मारली, की अख्खी पंगत मागच्या भाताआधीच उठली. माझं ताक पातेल्यात तसंच राहिलं.

मग लढाईच्या दिवसांत गावात थोडी गडबड झाली आणि हुकूम निघाला, की अठराच्या आतलं कोणी रात्री आठनंतर रस्त्यावर दिसायचं नाही. ज्या त्या आळीनं आपली पोरं सांभाळावीत. आमच्या आळीनं हे काम गार्डसाहेबांना दिलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. दिवेलागणीला घरात, हा नियम सरकारच्या आधी कितीतरी वर्षं माझ्या तक्त्यात होता. तो कोणी पाळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

गार्डसाहेबांनी स्टेशनजवळच्या मैदानावर पोरं ओळीनं उभी केली. सगळ्यांत जाड पोरगा इंजिन, बाकीचे डबे, शेवटी स्वतः कंदील घेऊन. दर घर म्हणजे स्टेशन. आईनं दारात येऊन "पोचला" म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. कोणाची पोळी तव्यावर करपली तरी ते ढिम्म. "माल ताब्यात घेतल्याबिगर गार्ड झेंडी दावत न्हाई, मावशी!" दोन आठवड्यांत असं झालं, की एरवी घरात बसणारी पोरंसुद्धा आठाच्या आधी मुद्दाम बाहेर पडायला लागली, पकडलं जावं म्हणून. ते गुडदाणी वाटत असते तर मी समजू शकले असते. ते काहीसुद्धा वाटत नव्हते.

माझा वसंता सोळा वर्षांचा. घरात त्याचे शब्द तीन: हो, नाही, वाढ. आमचं घर आळीच्या टोकाला, गार्डसाहेबांच्या समोर, म्हणून गाडीत शेवटी तेच दोघं उरत. आणि मला स्वयंपाकघरात माझ्या पोराचा आवाज ऐकू येई. अखंड. शब्द कळत नसत, नुसता आवाज. आमच्या अंगणाच्या फाटकापाशी येऊनही तो थांबत नसे.

"आठ वाजत आले!" मी ओरडायची.

"गाडी टायमात हाय, वैनी. सिग्नल न्हाई म्हणून हुबी हाय!"

एक दिवस मी सरळ रस्ता ओलांडून गेले. "रोज काय एवढं सांगता हो त्याला?"

"म्या कुटं काय सांगतो? बोलतो त्यो."

"काय बोलतो?"

त्यांनी कंदील वर करून माझ्याकडे पाहिलं आणि खाली केला. "त्याचा माल हाय, वैनी. म्या फोडायचा न्हाई."

त्या रात्री मी निवडलेली डाळ पुन्हा निवडत बसले.

दोन दिवसांनी ते लंगडत आले. "गुडघा गेला, वैनी. गाडी पिठाच्या गिरणीपतूर आणतो. तितनं म्होरं वसंताला तुमी न्या."

पहिल्या संध्याकाळी मी सवयीनं भराभर पुढे निघाले. मागून हाक आली, "वैनी, गार्ड मागं चालतो!" मी मुकाट्यानं मागे झाले. वसंता पुढे, मी मागे. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, माझं त्याला. मारुतीचं देऊळ गेलं आणि मागे न वळता तो म्हणाला, "आई, मॅट्रिक झाल्यावर मला रेल्वेत जायचंय. बाबा नको म्हणतील."

मी म्हटलं, "हं."

"तुला सांगणारच होतो. पण घरात तू सारखी काहीतरी करत असतेस."

मी पुन्हा "हं" म्हटलं, आणि तो बोलतच राहिला. फाटकाशी आलो तेव्हा आमटी निवली असेल हे माझ्या मनात आलं, पण मी ते बोलले नाही. सिग्नल नव्हता. उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी गार्डसाहेब कौलांवर चढून फुटकी कौलं बदलत होते. मी दिसताच ते तिथेच, छपरावर, लंगडायला लागले.

पुढे हुकूम उठला. वसंता रेल्वेत लागला, भुसावळला असतो. गार्डसाहेब वडिवळ्याला भावाकडे राहायला गेले, समोर कुलूप आहे. हेवा मात्र माझा गेलेला नाही. गिरणीपर्यंतचं, माझ्या आधीचं ते सगळं बोलणं त्यांच्यापाशीच राहिलं. ते फोडायचे नाहीत, आणि मीही आता विचारायची नाही. फक्त संध्याकाळी बाजारातून येताना, पिशवी कितीही जड असली, तरी देवळापाशी मी थांबते आणि एकदा मागे वळून बघते.