वच्छलाच्या नावानं फेकलेलं जेवण

मेथीच्या वाफ्याले पाणी देऊन राह्यलो होतो, तवा फोन आला. धनजच्या एसटीचा कंडक्टर होता. "बाबा, लवकर या… आजीनं बसल्या जागीच मान टाकली." वच्छला, माझी बायको. धनजच्या पोरांनी दवाखान्यातल्या लोकायसाठी गावातून जेवणाचे डबे गोळा करणं सुरू केलं होतं, त्यांच्यात भांडण लागलं, ते मिटवाले निघाली होती. पोचलो तवा पिशवी तिच्या मांडीवरच होती. त्याले आता दीडेक महिना झाला. लोक म्हणतात, बापू, रडून घ्या. मले रडू येत नाही, राग येते.

आमी कारंजाच्या कडेले भाजीपाला करणारी माणसं. तिच्या भाचीचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं, तवापासून तिचं हे फिरणं सुरू झालं. त्या शनिवारी दवाखान्यात जेवण वाटणारी सगळी मंडळं पुण्य कमवाले एकदमच आली. मसालेभात एवढा आला की उरलेला कुत्र्यांनी खाल्ला. रविवारी कोणीच नाही. पेशंटजवळ बसलेली माणसं नुसत्या चहावर. सोमवारी ही प्रत्येक मंडळाच्या दारात उभी. व्यापारी मंडळाचा अध्यक्ष गोटू, आमचीच भाजी खाऊन मोठा झालेला, म्हणे, "काकू, पुण्य शनिवारचंच लागते." ही म्हणे, "भूक काय वार पाहून लागते का रे, गोट्या?" अशी सगळ्यायच्या मागं लागून तिनं पाळ्या लावल्या. एका मंडळाची भात शिजवाची गंजं मोठी, दुसऱ्याजवळ आचारी चांगला, तिनं दोघांची गाठ घालून देली. नव्या पोरांना मंडळाची नोंदणी करता येईना, तर ही त्यांच्यासोबत कचेरीत दिवसभर बसली. स्वतः एक पोळी वाटली नाही. म्हणून लोक विचारत, काकू देते काय?

एकदा तिनं गोटूजवळ एसटीच्या तिकिटापुरते मागितले. तो म्हणे, "काकू, हे देवाच्या नावाचे पैसे, भाताले लागतात. तिकिटाले कसे देऊ?" ही हसत घरी आली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सांबार-कोथिंबिरीच्या जुड्या विकून तिकीट काढते न् दुसऱ्याचं पुण्य सांभाळत फिरते!" ती म्हणे, "अवो, भात तर सगळेच शिजवतात. तो रोज शिजला पाह्यजे, हे कोनी पाहाचं का नाई?"

आता तेरवीचं ऐका. सगळ्या मंडळांनी ठरवलं की काकूच्या नावानं दवाखान्यात जेवण द्यायचं. सगळ्यांनी ठरवलं, पण एकमेकायले एकानंही विचारलं नाही! एकाच दिवशी टेम्पोमागं टेम्पो. बुंदी, पुऱ्या, वांग्याची भाजी, अन् प्रत्येक टेम्पोवर तिच्या फोटोचं फ्लेक्स. माणसं खाऊन खाऊन थकली. दुपारी भाजी आंबली, नगरपालिकेची कचऱ्याची गाडी आली न् भरभरून घेऊन गेली. मी तिथंच उभा. गोटू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "बापू, पाहा, किती प्रेम हाय लोकायचं काकूवर!" म्हटलं, "पाहून राह्यलो. गाडीत भरून चाल्लं."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एकही गाडी आली नाही. धनजकडची एक बाई, नवरा भरती असलेली, मले विचारते, "बाबा, आज जेवनाची गाडी नाई का?" तिले घरी नेलं, भाकर देली. पण सगळा दवाखाना माझ्या चुलीवर थोडाच जेवते!

अन् आता हे लोक चौकात वच्छलाच्या नावाची कमान उभारणार आहेत. दगड राजस्थानचा. मी बैठकीत उठून म्हटलं, "कायले पाह्यजे कमान? एक माणूस ठेवा, तिचं काम करनारा. त्याच्या तिकिटाचं, फोनचं तुमी पाहा." गोटू म्हणे, "पन बापू, देनगीवाले विचारतीन, याच्यात आमचं नाव कुठं?" म्हटलं, "नाई नाव. तिचं होतं का?" चहा आला, बैठक संपली.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मोठं बोलता येत नाही. एवढं समजते की देणारे उदंड आहेत, पण देणाऱ्यांना धरून ठेवणाऱ्याले कोणी चहाही पाजत नाही. अन् ते माणूस गेलं की बुंदी गाडीत जाते.

वच्छला रोज पहाटे, चहा उकळेपर्यंत, ज्याची पाळी त्याले फोन लावे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "चूल पेटली का?" एवढंच. आज मी तिच्या फोनवरून गोटूले लावला.

"चूल पेटली का?"

"बापू?… आज आमची पाळी हाय का?"

"गधड्या, आजवर पाळी तूच ध्यानात ठेवत होता का? पेटव आधी. कमान मंग बांध."

तिकडून चपलांचा, गंज सरकवल्याचा आवाज आला… मग शेगडी भक्कन पेटली. तोवर मी फोन ठेवला नाही. तीही ठेवत नव्हती.