मोरेभाऊंची पाटी

नीलू, ये अशी जवळ, बस. महिन्याकाठी एक फोन करतेस, ‘मावशी, बरी आहेस ना?’ विचारतेस, मी ‘हो’ म्हटलं की झालं तुझं समाधान! असं कळतं का गं माणूस? आमच्या मोरेभाऊंनी तुला चांगलं झापलं असतं. ते म्हणायचे, "तब्येत विचारायची नसते, बघायची असते."

तू त्यांना पाहिलं नाहीस. डोंबिवलीच्या चाळीत आमच्या शेजारची खोली त्यांची. मानपाड्याच्या कारखान्यात वायरमन. कुणाकडेही गेले की आधी दाराच्या बिजागऱ्या हलवून बघायचे, मग नमस्कार!

माझी नोकरी ठाण्याला, आमचे हे फिरतीवर, आणि घरी सासूबाई, आमच्या माई, एकट्या. एकदा घेरी येऊन पडल्या. "नोकरीच सोडते आता," मी शांतावहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, म्हटलं. दुसऱ्या दिवशी भाऊ वायरचं भेंडोळं घेऊन हजर. फ्रिजच्या दाराला असतं तसलं बटण देवघराला, फडताळाला नि मोरीच्या दाराला बसवायचं. दार उघडलं की त्यांच्या खोलीत छोटा दिवा लागणार. वहिनी शिवणयंत्रावर बसल्या बसल्या पाटीवर त्या त्या दाराची रेघ ओढणार, म्हणजे माई हिंडत्याफिरत्या आहेत हे कळणार.

"देवाच्या दाराला तुमचा हात?" माई फटकन बोलल्या. मोरे बौद्ध, माई जुन्या वळणाच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ मात्र हसले. "नाही लावत, माई. स्क्रू तुम्हीच पिळा, मी लांबून सांगतो. उजवीकडे... आणखी थोडा... बस्स, देव पावले!" आणि सत्तरीच्या माईंनी खरंच स्क्रू पिळला!

एका सकाळी भाऊंच्या खोलीत देवघराचा दिवा लागेचना. भाऊ आंघोळ अर्धी टाकून, अंगावरचा साबण तसाच ठेवून धावले. बघतात तर माई तांदूळ निवडतायत.

"माई, देवघर का नाही उघडलं?"

"अहो, सुतक आहे! आमचे चुलतदीर गेले."

"सुतकात देव बंद? आमच्यात देवघरच नाही, मला कसं ठाऊक?"

माई हसून हसून बेजार. "पुसा तो साबण आधी. सुतकातला चहा चालेल?"

"मला कुठलाही चालतो. तुम्ही द्यायला हवा."

दिला. घरच्या कपातून दिला. संध्याकाळी मला सांगताना माईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढे एका रविवारी भाऊ पाटी घेऊन आले नि मला म्हणाले, "वहिनी, रागावू नका. मोरीच्या रेघा बघा. दिवसाला पाच असायच्या, आता अकरा." मला राग आलाच. म्हाताऱ्या बाईचं मोरीत जाणं मोजायचं?

"बरी आहे मी," माई म्हणाल्या.

"माई बरी म्हणतात, पाटी नाही म्हणते. मी पाटीचं ऐकणार," भाऊ हलेचनात.

डॉक्टरांकडे नेलं तर साखर भयंकर वाढलेली. पायाच्या अंगठ्याला जखम, तीही माईंनी लपवलेली. आणखी उशीर केला असता तर पाय काढावा लागला असता, डॉक्टर म्हणाले. माई पुढे नऊ वर्षं त्याच पायांवर चालल्या, आणि माझी नोकरी टिकली. हे उपकार फिटायचे कसे?

नंतर मोरे कोलशेतला राहायला गेले. गेल्या वर्षी भाऊ गेले, छातीतली कळ कुणालाही न सांगता. उभा जन्म दुसऱ्यांकडे बघणाऱ्या माणसाकडे बघायचं आम्हाला सुचलं नाही गं. शांतावहिनी आता तिथे एकट्याच असतात. मी दर रविवारी जाते. त्या "जेवले" म्हणतात, मी भांडी बघते.

येत्या रविवारी तूही ये, नीलू. थेट कोलशेतलाच ये. तुझं नाव वहिनींना सांगून ठेवलंय.